एक पाच तीन सहा दोन चार

माझगावच्या बर्फाच्या कारखान्यामागे
तीस वर्षं उभा होता आबांचा बेडफर्ड,
चाकांच्या जागी विटा,
बॉनेटखाली मांजरीची तीन बाळंतपणं.
हँडल घातलं तर वळेना.
सहाही पिस्टन गंजून जागच्या जागी,
एकाच घरात अबोला धरलेले भाऊ.

पास्कल डिमेलो म्हणाला, "जोर लावू नको.
वरून रॉकेल ओत आणि जा घरी."
रॉकेल कुठलं मिळायला आता?
डिझेल ओतलं, थोडं ब्रेक ऑइल,
आणि रोज कामावरून सुटल्यावर एक झटका,
नुसत्या मनगटाचा.
अकराव्या संध्याकाळी
नखभर हललं.
मी कुणालाच सांगितलं नाही.

मग कुर्ला.
सीएसटी रोडला रेडिएटर ओळीनं टांगलेले,
वलांडीवर बोंबील टांगावेत तसे.
"साल कोणतं?"
"छप्पन."
गल्लीतले सगळे हसले,
हकीमुद्दीनभाई तेवढे हसले नाहीत.
चहा सांगितला, पोराला माळ्यावर चढवलं.
गुजराती वर्तमानपत्रात बांधलेल्या रिंगा खाली आल्या,
कागद बोटात मोडत होता,
आत ग्रीस अजून ओलं.
पाच सिलिंडरांपुरत्या.
सहाव्यासाठी दारूखान्यात चार शनिवार गेले.
शेवटी एका वेल्डिंग सेटच्या इंजिनातून काढल्या,
पास्कलनं कानशीनं घासून घासून त्या
तीन नंबरच्या गळी उतरवल्या.

हेडचं गॅस्केट नाहीच मिळालं.
तांब्याचा पत्रा आणला, हेडवर पसरला,
लहान हातोडीनं भोकांच्या कडा
उमटेपर्यंत ठोकल्या. सगळी दुपार टकटक.
समोरच्या टॉवरमधून कुणीतरी खिडकी लावून घेतली.

तेलाची टाकी सोडवली तेव्हा
एका बेअरिंगमागे पत्र्याची पट्टी निघाली,
कात्रीनं कापलेली,
बिस्किटांच्या डब्याची. लाल रंग,
त्यावर अर्धंच सोनेरी अक्षर.
आबांचं काम.
म्हणजे आईची कापडाची कात्री
बोथट केली ती यांनी,
आणि पाठीत धपाटे खाल्ले मी.
एका दिवाळीत तर दोनदा.
तेव्हा आबा समोर बसून
भाकरीचा तुकडा कालवणात बुडवत होते,
वर बघितलंसुद्धा नाही.

पास्कलनं फट मोजली. चष्मा पुसून परत मोजली.
"केसाएवढी हवी," म्हणाला,
"केसाएवढीच आहे.
नवीन काय घालू याच्या जागी?"
पट्टी पुसून परत बसवली.
अक्षर आत, अंधाराच्या बाजूला.

शेवटी वायरी. सहा.
कुठली कुठं, पास्कल पुस्तक शोधत होता,
आणि माझ्या तोंडून आपसूक आलं,
एक पाच तीन सहा दोन चार.
पहिलीत बाईंनी आकडे म्हणायला सांगितले
तेव्हाही हेच म्हटलं होतं,
आणि बाकावर उभी राहिले होते तास सुटेपर्यंत.
बाईंचं चुकलं नव्हतं.
माझंही नाही.

रविवारी पेट्रोलची बाटली वर बांधली, नळी खाली सोडली.
हँडल मी धरलं. अंगठा बोटांच्याच बाजूला,
मुठीत आवळायचा नाही,
उलटं फिरलं तर मनगट जातं.
चौथ्या झटक्याला उलटंच फिरलं.
मनगट शाबूत.
सातव्याला खोकलं,
काळ्या धुरात कारखान्याचा पत्रा दिसेनासा झाला,
वॉचमननं शिट्टी फुंकली,
आणि मग धरलं.

पाचांवर.
तीन नंबरचा अबोला तसाच.
मडगार्ड थडथडत होतं, त्यावरचा पाना
सरकत सरकत खाली पडला.
पास्कल ओरडला, "उद्या बघू त्याला! बंद कर!"

रस्त्यावर न्यायचा कागद नाही याच्याकडे,
मिळणारही नाही.
मी किल्लीवर बोट ठेवलं,
ठेवलं नुसतंच.
"पेट्रोल संपेल, बाई!"

बाटलीत अजून चार बोटं आहे.